जयवंतीची इंग्रजीची वही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट माहीत नाही.

तारापूरच्या एका औषध कारखान्यात मी पॅकिंगला होते. मूळची सांगलीकडची, बारावी झालेली. इंग्रजी बरं होतं. माझ्याच लाइनवर जवळच्या मुरबे गावची जयवंती होती. तिची शाळा आठवीत सुटलेली. एकदा डब्याच्या सुट्टीत तिनं वही पुढे केली. "ताई, रोज दहा वाक्यं लिवून आणते. तपासाल?"

तपासू लागले. पण मनात पाल चुकचुकली — हिला अचानक इंग्रजी कशाला? लाइनची सुपरवायझर नेमायची होती, आणि त्या जागेवर माझा डोळा होता. मग हिचाही असेल? एकदा ती साहेबांशी बोलत होती. मी जवळ जाताच दोघं गप्प झाली. तेवढं मला पुरलं. ती हसली तरी वाटायचं, काहीतरी लपवतेय.

आणि मग — एका दुपारी ‘मी मशीन साफ केलं’ याचं इंग्रजी तिनं लिहिलं होतं, ‘आय विल क्लीन द मशीन’. म्हणजे साफ करीन. मला चूक दिसली. दिसली, आणि मी बरोबरची खूण केली. नंतरही कितीतरी वाक्यांवर केली. तिनं ती सगळी घोकली.

पुढच्या महिन्यात परदेशातून तपासणीला माणसं आली. साहेबांनी जयवंतीला पुढे उभं केलं. त्यासाठीच तर ती शिकत होती. मशीन साफ केलं का, असं त्या पाहुण्यांनी इंग्रजीत विचारलं. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "येस सर, आय विल क्लीन." त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मशीन तिनं सकाळीच लख्ख पुसलं होतं, माझ्यासमोर. मी चार हात अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायला काय लागलं असतं? — नाही बोलले.

तिला लाइनवरून काढून खोकी उचलायला लावलं. सुपरवायझरची जागा मला मिळाली. साहेब म्हणाले, "तुमचं नाव जयवंतीनंच सुचवलं होतं. जागा नाही मिळाली तर ताईंना वाईट वाटेल, आधी सांगू नका म्हणाली."

जागा मी घेतली. गप्पही राहिले.

गेल्या वर्षी ती बोईसरच्या बाजारात भेटली, सोबत मुलगी. मुलीला म्हणाली, "ह्या माझ्या ताई. ह्यांनी खूप शिकवलं गं, माझ्याच डोक्यात नाय गेलं."

मुलगी पाया पडायला वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.