घोंगडीचं वजन

लेक सहा महिन्यांची हुती. अंगणवाडीच्या बाई म्हणल्या, मागल्या महिन्यापरीस वजन कमी भरलं, दौंडला डॉक्टरला दाखवा. मी आठवीपतुर शिकलेली, पर वजनाच्या कार्डावरची रेघ खाली गेली ती दिसली मला. माझं दूध पुरंना, दुसरं काय.

त्याच दिवशी नणंद पुण्यासनं वरवंडला आल्या. त्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकत्यात. त्यांनी लॅपटॉपवर आर नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर काढलं. एक ओळ लिवायची, एंटर दाबायचा, की लगीच उत्तर. बारक्या पोरांच्या वजनाचा हिशेब करायचं तयार सामान कुणीतरी बनवून नेटवर ठिवलेलं, ते बी आणून त्यात जोडलं. मी लेक मांडीवर घिऊन कार्डावरलं आकडं वाचत गेले, त्या टाकत गेल्या. स्क्रीनवर ठिपकं आलं. चढत चढत गेलं आन् शेवटचा धपकन खाली.

"वहिनी, या महिन्यात येगळं काय केलं?"

काय न्हाई म्हणले. आन् मग आठवलं. थंडीभर मीच बाईंना म्हणायची, उघडू नका, सर्दी हुईल. सासूबाईंच्या वडलांनी इणलेल्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळूनच पोर काट्यात. या खेपेला ऊन तापाय लागलं म्हणून नुसत्या झबल्यावर.

सासूबाई उठल्या, घोंगडी घेतली, किराणावाल्याच्या काट्यावर ठिवून आल्या. नऊशे ग्रॅम.

नणंदेनं मग सोताची नवी कमांड लिवली, घोंगडीत घेतलेल्या समद्या वजनातनं नऊशे ग्रॅम काढायची, आन् तिला नाव दिलं घोंगडी. "तुम्हीच चालवा." मी एकेक इंग्रजी अक्षर हुडकून दाबलं, मग एंटर. रेघ सरळ वर निघाली. मला रडूच आलं.

त्या म्हणल्या, हा आपला अंदाज हाय, खरं वजन उद्याच कळंल.

सकाळी दौंडला मीच झबलं काढलं, घोंगडीचं बी सांगितलं. डॉक्टर हसले, वाढ बरी हाय म्हणले, दूध चालू ठेवा.

घरी येऊन ते वजन मीच टाकलं. ठिपका रेघंवरच पडला. लेक तवर सासूबाईंच्या मांडीवर निजली हुती, घोंगडीतच.