माळ्यावर ठेवलेली पाण्याची पिशवी

अस्लम दाराशी आला तेव्हा मी दोन ताटं पुसून ठेवली होती. रविवारचे साडेअकरा वाजले होते, आणि मिलिंदला उशीर झाला म्हणून मी मनातल्या मनात त्याला बोलत होते. अस्लम आत येईना. उंबऱ्याबाहेर वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिला. सुटलेल्या नाड्याच पुन्हा सोडत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "बाई, चप्पल घाला. दवाखान्यात जायचंय." आम्ही पोहोचलो तेव्हा मिलिंदचा श्वास चालू होता. डोळे उघडे होते, पण माझ्यावर ठरत नव्हते. कपाळाला हात लावला, तर तापलेल्या पत्र्यासारखं लागलं... दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

तन्वी, आर्यन, हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणार असलं तरी लिहिते आहे तुमच्यासाठी. तुमची आई वाचून दाखवील. त्या आठवड्यात तन्वीने फोनवर विचारलं होतं, "आजी, मामा पाणी न्यायला विसरला का?" मी 'हो' म्हणाले. ते खोटं होतं. मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांनी एकमेकांवर ढकललेल्या चुका वर्गासमोर उघड्या केल्या, आणि स्वतःची चूक मात्र अशा माणसावर ढकलली, जो आता उठून 'नाही' म्हणू शकत नाही.

मिलिंद धावायला लागला तो तुमचे आजोबा हृदयविकाराने गेल्यावर. डॉक्टरांनी त्याला नुसतं चालायला सांगितलं होतं. देवपुरातून पांझरा नदीच्या कडेने चालता चालता त्याला अस्लम भेटला. अस्लम माझा जुना विद्यार्थी. महामार्गावर त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दोघं धावू लागले, आणि वर्षभरात त्यांना सपाट रस्त्याचा कंटाळा आला. मग दर रविवारी लळिंगचा डोंगर. सुटे दगड, काटेरी झुडपं, शेळ्यांच्या पायवाटा. तिथे शेळ्या चारणारी काशीअक्का पहिल्या दिवशी त्यांना थांबवून म्हणाली, "भाऊ, मांगे वाघ शे का?" मिलिंदने तिच्याच बोलीत सांगितलं, "वाघ पुढे शे अक्का, मी त्याना मांगे शे." घरी येऊन हे सांगताना तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. पन्नाशीला टेकलेला, सरकारी कचेरीत मान खाली घालून काम करणारा माझा मुलगा त्या डोंगरावर मोठ्याने हसायला शिकला.

अस्लमने त्याला पाण्याची पिशवी शिवून दिली होती. सीट कव्हरचं तपकिरी कापड, आत दोन लिटरची रबरी थैली, आणि खांद्यावरून तोंडाशी येणारी नळी. धावता धावता घोट घेता यावा अशी. मेच्या उन्हात मिलिंद त्या पिशवीशिवाय जात नसे. पहाटे पाचला निघायचा, ऊन लागू नये म्हणून मी खिशात पांढरा कांदा घालायची, आणि ऊन चढायच्या आत तो परत यायचा. निघताना आणि आल्यावर वजनकाट्यावर उभा राहायचा. धावताना अंगातलं किती पाणी गेलं ते त्यावरून कळतं म्हणे. तो आकडा सांगायचा, मी वहीत लिहायची.

तुमच्या आईला विचारा, माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा असते आणि प्रत्येक जागेला यादी. मृग लागला की उन्हाळ्याचं सामान माळ्यावर जातं: माठ, वाळ्याचे पडदे, रुंद काठाच्या टोप्या. यंदा त्या यादीत मी पिशवीही लिहिली. आम्हा खान्देशातल्या माणसांना ऊन म्हणजे फक्त मे महिना वाटतो. अंग भाजणारा, कोरडा, समोर दिसणारा शत्रू. पावसाळ्यातलं ऊन आम्ही उन्हात धरतच नाही.

त्या रविवारी पोळा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस थांबलेला, आभाळ ढगांनी भरलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. ढग आहेत म्हणून मिलिंद पहाटे न निघता आठला निघाला. शर्ट घालता घालताच तो घामाने ओला झाला. दारातून त्याने विचारलं, "आई, माझी पिशवी कुठंय?"

मी भाजी चिरत होते. शिडी मागच्या खोलीत होती. मी म्हणाले, "ती माळ्यावर गेली. आता काय उन्हाळा आहे का? बाटली ने."

तो म्हणाला, "आज उकडतंय गं." मी पुन्हा सांगितलं, "बाटली ने." त्याने माझ्याशी कधी वाद घातला नाही. बाटली घेतली आणि गेला.

पुढचं अस्लमने सांगितलं. दुसऱ्या चढावर मिलिंद मागे पडला आणि म्हणाला, तू हो पुढे, मी येतो. अस्लम फेरी पुरी करून पायथ्याशी थांबला, बराच वेळ वाट पाहून परत चढला. तोवर काशीअक्काला मिलिंद अंजनाच्या झाडाखाली सापडला होता. बाटली रिकामी होती. तो काहीतरी असंबद्ध बोलत होता, तिला आई म्हणत होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, काशीअक्का घरी आली आणि माझ्या पायाशी बसून म्हणाली, "बठ्ठं पानी त्यानावर वती दिधं, माय..." जवळ होतं तेवढं सगळं पाणी तिने त्याच्या अंगावर ओतलं होतं.

त्यानंतर मी ती वही उघडली. मेमध्ये प्रत्येक फेरीला त्याचं वजन दीड किलोच्या आसपास उतरलेलं. गेल्या वर्षी याच पोळ्याच्या सुमाराला, ढगाळ दिवसांत, अडीच किलो. तीन रविवार ओळीने. सगळे आकडे माझ्या अक्षरात, नीट रेघा मारून. मी ते लिहिले होते, वाचले नव्हते. दमट हवेत घाम नुसता गळतो, अंग निवत नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. माझ्या वहीने ते वर्षभर आधी सांगितलं होतं.

अस्लमने धावणं सोडलं. दर रविवारी येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि म्हणतो, "मी पुढं जायला नको होतं, बाई." सहा आठवडे मी ते ऐकून घेतलं. एकदाही त्याला पिशवीचं सांगितलं नाही. तो मला दोष देईल याची भीती नव्हती; तो देणार नाही, याची होती. अस्लम, तूही हे वाचशील. तुझी चूक नव्हती. आणि तन्वी, तुझा मामा विसरला नव्हता. त्याने पाणी मागितलं होतं.

पिशवी मी उतरवून घेतली. शिडीच्या तीन पायऱ्या चढल्या की हाताला येते. आता ती दारामागच्या खुंटीला असते, आणि मी रोज सकाळी ती भरते. अस्लमने पाहिलं तेव्हा म्हणाला, पाणी भरून ठेवू नका, रबर खराब होईल. म्हणून संध्याकाळी मोरीत नळी धरून रिकामी करते. इतक्या बारीक नळीतून दोन लिटर पाणी जायला फार वेळ लागतो. ते संपेपर्यंत मी तिथे उभी असते.