तीन रिकामे रकाने

बबनमामा गेल्याचा मामीचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात संगणकावर एका यंत्राचं मॉडेल बांधत होते. फोन ठेवला, वस्तुमानाचे उरलेले रकाने एकेक करून भरले आणि मगच रडले... ही सवय मामाची देणगी, आणि ती त्याला फार महागात पडली होती.

मामा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटर. कापसाचे दिवस वाईट होते, आजूबाजूच्या जिनिंगांना कुलपं लागत होती. मामाच्या मालकानं कापूस ओढणारा जुना मोठा पंखा आणला आणि तो उंच लोखंडी घोडीवर, म्हणजे पायांच्या सांगाड्यावर, बसवायचं ठरलं. मामाला त्या घोडीचा भरवसा वाटेना. "तुह्या कम्प्युटरले इचारून पाय ना माय," तो म्हणाला. मी नोकरीत नवी होते, शिंगं फुटलेली. मॉडेलमध्ये पंख्याच्या चाकाचं वजन एका बिंदूवर ठेवलं, गणित सोडवलं आणि कळवलं, "बिनधास्त चालव, मामा."

पहिल्यांदा बटण दाबताना त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. पंख्यानं वेग घेतला तशी घोडी डुलायला लागली. तो बंद करायला धावला आणि घोडीचा उखडलेला पाय त्याच्या उजव्या हातावर आला. दोन बोटं गेली.

मी फाइल उघडून पाहिली. वजन बरोबर होतं. ते वजन फिरवायला किती जड जाईल, हे सांगणारे शेजारचे तीन रकाने मात्र मी रिकामे सोडले होते. संगणकानं शून्य धरलं आणि घोडी डुलणार नाही असं सांगितलं. दिग्रसला जाऊन मी मामाला हे सांगितलं. तो रागावला नाही. जमीन खणायची सब्बल मागवली, तिच्या मध्याजवळ तारेनं दोन विटा बांधायला लावल्या आणि मला ती गोल हलवायला सांगितली. मग त्याच विटा दोन्ही टोकांना बांधवल्या. मनगट भरून आलं.

"वजन तं तेवढंच हाय. मंग काहून जड लागून राह्यलं?" तो म्हणाला. "वजन कोठी बसलं हाय, हे बी सांगा लागते माय त्याले."

मी रकाने भरले, घोडीला तिरप्या पट्ट्या सुचवल्या आणि पंखा तो हंगाम चालला. पण मालकाला मामानं आधीच सांगून टाकलं होतं, नट ढिला राह्यला माह्याकून. मी खरं सांगते म्हटलं, तर म्हणाला, "तुह्यी नौकरी नवी हाय. गप राय." आणि मी गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते. पुढं कित्येक वर्षं जिनिंगमधली पोरं विचारायची, "मामा, नट कसले का?" तो हसायचा.

तेराव्याला त्याचा एक जुना सोबती म्हणाला, "माणूस सोनं होता. एक डाव नट ढिला राह्यला, तेवढंच."

"नट घट्ट होते," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

मामी उठली, दारामागची सब्बल घेऊन आली. दोन्ही टोकांना तार अजून गुंडाळलेली होती. "हे तार त्यायनं कधी काढू नाही देल्ली," ती म्हणाली. "काहून, ते मले आज समजलं."

सब्बल तिथंच, दारामागं आहे. तार आम्ही काढलेली नाही.