एस्तेर सिंगापूरलाच उठणार

श्रीरामपूरच्या स्टँडवर आम्हाला सोडायला अर्धी ख्रिस्तवाडी आली होती. मी सगळ्यांना रुबाबात हात करत एसटीत चढलो. ती निघाली नाशिकची. माझ्या बायकोनं, एस्तेरनं, कॉलर धरून खाली ओढलं. रडणारी आई हसली, पण लगेच म्हणाली, "शेवटी इथंच यायचं बरं का. उठायच्या दिवशी मी म्हातारी तुम्हाला कुठं हुडकू?"

आईचं पक्कं आहे. प्रभू येणार, थडगी उघडणार, तेव्हा आपली माणसं शेजारीशेजारी पाहिजेत.

आम्ही आलो सिंगापूरला, लेकीच्या टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटवर, नातीला सांभाळायला. मी शाळा बाहेरूनच बघितलेली, त्यामुळं उलट नातच मला सांभाळायची, पाट्या वाचून दाखवायची. एस्तेर मात्र नुसत्या खुणांनी मासळीचा भाव पाडायची. डेंग्यूनं गेली. इथंच पुरली.

इथं कबरीची जागा पंधरा वर्षांची. मग उकरून हाडं जाळतात. हे कळल्यापासून आई फोनवर एकच सांगायची, तिला घेऊन ये, राखेतनं काय उठणार. मीपण हादरलो होतो, खोटं कशाला बोलू.

ईस्टर आला. गावी आपण पहाटे मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जातो, तसा मी एकटाच गेलो. मेणबत्ती लावली, भसाड्या आवाजात आख्खं भजन म्हटलं, लेकीच्या चुगल्या केल्या, रडलो. मागनं एक चिनी म्हातारा इथल्या लाह-लाहवाल्या इंग्रजीत हळूच बोलला, "अंकल, धिस वन माय वाइफ, लाह."

एस्तेर पुढच्या रांगेत होती.

मी म्हणालो, सेम सेम, शी ऑल्सो गेट अप. त्यानं मान डोलवली, अन् माझ्याबरोबर एस्तेरकडं आला. भजन परत म्हटलं.

परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसूनच आईला फोन लावला. "आई, एस्तेर कुठं येणार नाय. उकरू दे, जाळू दे. मला तिचं थडगं सापडलं नाय, म्हणून प्रभूलापण सापडणार नाय व्हय? त्यानं काय माझ्यासारखी शाळा बुडवली नाय."

आई म्हणाली, "तिला सांग, उठली की आधी माझ्याकडं ये."

कुणी विचारलं तर गाव मी अजून श्रीरामपूरच सांगतो. पण मलापण याच कब्रस्तानात ठेवा, असं लेकीला बजावलंय. जागा पंधरा वर्षांची तर पंधरा वर्षांची. आम्हाला तिथं कुठं कायमचं राहायचंय?