लिदीची पट्टी

एकोणीसशे त्रेसष्ट साल. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. घोड्याला नाल आणि बैलाला पत्री ठोकणं हा आमच्या घराचा धंदा. आजा ठोकायचा, बाप ठोकायचा, बाप गेल्यावर मी. धाकटा भाऊ घोड्याचा पाय धरायचा. पाय धरणं सोपं काम नाही. घोड्याला धरणाऱ्याची भीती कळते. माझ्या भावाच्या हातात घोडा मांजरासारखा उभा राहायचा.

सारंगखेड्याच्या यात्रेला महिना-दीड महिना होता. दवाखान्याचा कंपाउंडर सायकलवर आमच्या भट्टीपाशी आला. म्हणाला, "घोड्यांत वावरणाऱ्यांनी धनुर्वाताची सुई घ्या, डॉक्टरांनी सांगितलंय. एक आज, एक महिन्यानं. मग खिळा लागला तरी भ्यायला नको."

भावानं बाही वर केलीसुद्धा. "दादा, दोन सुया त शेतस. टोची लेऊत."

मी हातोडा खाली ठेवला नाही. म्हटलं, "नालबंदना पोऱ्या शे तू. खिळाले घाबरस का?" आणि कंपाउंडरला सांगितलं, "आम्हन्या सात पिढ्या लीदमा गयात. ती सुई तुन्हा साहेबले टोच."

भट्टीपाशी बसलेली माणसं हसली. भावानं बाही खाली ओढली. माझ्या शब्दापुढं तो कधी गेला नाही.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी एका घोडीचा जुना नाल काढत होतो. वाकडा खिळा मातीत पडला आणि भावाचा पाय त्यावर. टाचेत बोटभर गेला. रक्त फार नाही आलं. तो म्हणाला, "दादा, पाय दवाखानामा दखाडी येऊ का?" दवाखान्याचा तंबू हाकेच्या अंतरावर होता.

"बठ आठे. मन्हा हात काय मोडी गयात?"

आमच्या घरात खिळ्याच्या जखमेला एकच औषध. घोड्याची ताजी लीद, गरम असतानाच जखमेत दाबायची आणि वरून फडकं आवळायचं. घोड्यानं दिलेलं दुखणं घोडाच ओढून घेतो, असं आजा म्हणायचा. आजानं बापाला बांधली, बापानं मला बांधली, आम्ही जगलो. मी भावाला बांधली. चार दिवसांत तो पाय टेकवू लागला. मी लोकांना त्याची टाच दाखवत फिरलो. पलीकडच्या गावचा एक गाडीवान त्याच सुमारास बैलाच्या पत्रीचा खिळा पायात घेऊन आला, तर त्यालाही मीच बांधून दिली. तो म्हणाला, "उस्ताद, तू त डाक्तरना बाप निंघना." मला ते गोड लागलं.

नवव्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "त्याना तोंडमा घास जात नही." मला वाटलं, दाढ असेल. दुपारी त्याचे दात घट्ट बसले. तरी दातांतूनच तो हसत बोलला, "दादा, लगाम आते मन्हा तोंडमा उना."

गाडी जुंपली. चाक दगडावर आदळलं की तो धनुष्यासारखा वाकायचा, डोक्याची मागची बाजू आणि टाचा तेवढ्या गाडीला टेकलेल्या. दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. भांडं वाजलं तरी अंग ताठायचं. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती, हेच वाईट. सगळं कळत होतं त्याला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली, वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. "लीद?"

मी मान डोलावली.

"हा रोग लिदीतच राहतो. तुम्ही तो आत भरून वरून झाकण लावलंत. आणखी कुणाला बांधलीय अशी?"

"नाही," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. बावीस वर्षांचा होता. तोंड उघडलंच नाही, तुळशीचं पाणी ओठांवरूनच ओघळलं. तापीकाठी लाकडं रचताना लोक विचारत होते, काय झालं, काय झालं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, "त्याले बाहेरनं वारं लागनं." त्या लोकांत तो गाडीवानही होता. लंगडत आला होता, खांदा द्यायला. त्याच्या पायाला माझंच फडकं होतं. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

घरी मायनं विचारलं, "वारं व्हतं ना रे?" मी बैलांना चारा टाकायला बाहेर गेलो. ती मग भिंतीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकातच गाडी जुंपली. राख सावडायला जायचं होतं, तिकडं न जाता गाडीवानाच्या दारात गेलो. तो ओट्यावर बसला होता. आधी मी त्याला तोंड उघडायला लावलं. उघडलं. मग खाली बसून त्याच्या पायाचं फडकं सोडू लागलो.

"काल त तू वारं सांगी ऱ्हायंता ना, उस्ताद?" तो म्हणाला. त्याची बायको आणि शेजारची चार माणसं ऐकत होती.

"वारं नही," मी म्हटलं. "मन्हा हात. ऊठ, गाडीमा बठ."

तो उठेना. मग मी त्याला पाठीवर घेतलं, गाडीत घातलं आणि दवाखान्याकडं बैल हाकले.