उघडमामाने उघडलेली फाइल

माझ्या मामाला अख्खा बाजार उघडमामा म्हणायचा. कुलपं नाही हो, फाइली! जुन्या मोबाइलमधलं काहीही आणा, मामा ते आजच्या फोनवर चालवून देणार. एएमआर म्हणजे आवाज, थ्रीजीपी म्हणजे व्हिडिओ, जार म्हणजे गेम, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. माणूस सोन्यासारखा, पण तोंड म्हणून बंद ठेवणार नाही. मी काउंटरवर बसायचे आणि दिवसातून दहादा सांगायचे, "मामा, गिऱ्हाइकासमोर कमी बोल." ऐकेल तर शपथ!

त्या दुपारी एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. हातात बायकोचा जुना फोन. "ती बहिणीकडे गेलीये. यातले फोटो काढून द्या, सरप्राइज देतो तिला." मला तो मेला पहिल्यापासूनच आवडला नाही. बोलायचा आमच्याशी, पण नजर त्या फोनवरून हलत नव्हती.

मामाने सवयीप्रमाणे आधी सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. फोटो निघाले. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण मामाला एक गेम खटकला. "तीन एमबीचा जार? अहो, हा फोन एका एमबीलाच धापा टाकतो! कुणीतरी नाव बदलून काहीतरी लपवलंय यात." मी टेबलाखालून पाय मारला. मामा रंगात आला होता. त्याने नावातलं जार खोडून एएमआर लिहिलं आणि बटण दाबलं.

आधी खरखर आली. मग समोर बसलेल्या त्या माणसाचाच आवाज.

"पोलिसांत गेलीस ना, तर जिवंत ठेवणार नाही." मागे एक बाई रडत होती.

मामा पांढराफटक पडला. तो माणूस मात्र शांत.

"तुमच्याकडे याची कॉपी आहे?"

"छे, छे," मामा म्हणाला. त्याला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. माणसाने फोन खिशात टाकला, चक्क आभार मानले आणि गेला.

मी मामाच्या हातातून माउस घेतला. बायकोची बहीण म्हणून उतरवलेल्या नंबरांत 'ताई' शोधलं. रिंग जात होती, कुणी उचलेना. अर्ध्या तासाने ताईंनी उचलला.

"तुमच्या बहिणीला त्याच्याबरोबर पाठवू नका!" मी ओरडलेच. "तिने लपवलेलं रेकॉर्डिंग त्याने ऐकलंय!"

"अगं बाई..." त्या म्हणाल्या. "आत्ताच घेऊन गेला गं. दारात रडला, माफी मागितली. ती नको म्हणत होती. मीच समजूत घातली तिची. बॅगसुद्धा मीच गाडीत ठेवली."

"तिचा मोबाइल लावा, ताई, लगेच!"

त्यांनी फोन ठेवला. मी पोलिसांना कळवलं, गाडीबद्दल काही सांगता येईना. तेवढ्यात ताईंचा परत फोन आला.

"त्यानेच उचलला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, ती झोपलीये."