शून्याचा चौकोन

फिलोमिनाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या पडवीत माडाच्या हिरांच्या, म्हणजे झावळीच्या काड्यांच्या, जुड्या बांधत होते. "बाई, फिलू गेली. चाय घेवन उठवक गेलंय, तर..." मी हातातली जुडी घट्ट बांधली आणि मग मुलांना घरी सोडलं. हीर सुटे राहिले तर वाऱ्याने पडवीभर होतील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

धामापूरच्या वाटेवरची आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी फिलोमिनाकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. 'तीनशे पाच' म्हटलं की दुसरीतली मुलं पाटीवर ३००५ लिहायची. फळ्यावर सांगून सांगून कंटाळल्यावर तिने पडवीत रंगाने तीन चौकोन आखले. उजवा एककाचा, मधला दशकाचा, डावा शतकाचा. दहा सुटे हीर जमले की त्यांची जुडी बांधून शेजारच्या चौकोनात द्यायची, दहा जुड्या झाल्या की त्यांचा भारा बांधून डावीकडे. मुलांनी आपसात बोलून, भांडून एकेका चौकोनात आपापले हीर घेऊन बसायचं आणि संख्या तयार करायची. बाईंनी मध्ये पडायचं नाही. अडचण एकच होती, शून्य व्हायला कोणी तयार नसे. "माका नको, शून्य म्हंजे नापास!" मग फिलोमिनाच पदर खोचून रिकाम्या चौकोनात, बहुतेकदा मधल्याच, बसायची, मोकळे तळवे गुडघ्यांवर ठेवून. "शून्यान उठूचा नाय हां. उठला काय शेजाऱ्याची किंमत गेली." तिचे गुडघे दुखायचे. खुर्ची घे म्हटलं तर मलाच विचारायची, "शून्य खुर्चेर बसता खंय गो?"

ती गेल्यावर दोन्ही वर्ग माझ्याकडे आले, आणि खेळ बंद पडला. मधल्या चौकोनात कोणी पाऊल ठेवीना. एकदा मीच घाईत त्यातून चालले, तर दुसरीतली सान्वी ओरडली, "बाईनू, थंय पाय लागात!" कोणाला, ते मी विचारलं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी झाडताना माझा झाडू त्या चौकोनाला वळसा घालू लागला... पुन्हा पाट्यांवर ३००५ दिसू लागले तेव्हा मी रंगाचा डबा आणला. जुने चौकोन पुसून दुसरीकडे आखायचं ठरवलं.

पुसण्याआधी एकदा शेवटचं म्हणून मी संख्या सांगितली, "तीनशे पाच." तीन भारे डावीकडे गेले, पाच हीर उजवीकडे. मध्ये कोणीच नाही. मी "बसा कोणीतरी" म्हणणार, तोवर मुलांनी पाट्या वर केल्या. सगळ्यांवर ३०५. रिकाम्या चौकोनाकडे बघून मुलं हळूच हसली, फिलोमिना बसली की हसायची तशीच.

पण खेळ तिथेच थांबून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "तीनशे पंचवीस." आता मध्ये दोन जुड्या हव्या होत्या. सान्वी दोन जुड्या घेऊन चौकोनाच्या कडेशी उभी राहिली, खाली वाकली आणि थोडी जागा मागावी तसं अगदी हळू म्हणाली,

"बाईनू, वायंच सरा."

आणि अर्ध्याच चौकोनात अंग चोरून बसली.

रंगाचा डबा मी न उघडताच कपाटात ठेवला. खेळ रोज चालतो. दशकावर येणारं मूल अर्ध्या जागेतच बसतं, आणि शून्य आलं की सगळी जागा मोकळी ठेवतात. झाडताना मी अजून वळसा घालते.